पाच-पाच दिवसांचा कोल्हापुरी हिवाळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की मराठी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत हिवाळी हायकू दिसू लागतात. मूळ जपानी घाटाच्या या कवितेच्या तीन ओळी आणि शेजारी एक चित्र. कवितेला अशी जागा मिळते याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. मात्र त्या ओळींत बहुतेक वेळा बर्फ असतो, गोठलेले तळे असते, पांढरी चादर असते, एखाद्या वेळी चेरीचा बहरही असतो. कोल्हापुरात बर्फ पडत नाही, रंकाळा तलाव गोठत नाही. चेरीचा बहर तर जपानातही हिवाळ्यात येत नाही. तिथल्या कवितेत तो वसंताचा सर्वांत मानाचा शब्द आहे, इतका की नुसते 'फूल' म्हटले तरी चेरीच समजतात. असा हायकू कोल्हापूरचा राहत नाही आणि जपानचाही होत नाही. यावर करता येण्याजोगा एक उपाय आहे, कोल्हापूरच्या हिवाळ्याची पाच-पाच दिवसांची स्वतःची नोंद, आणि त्यात आपल्या दैनिकाला मोठा वाटा उचलता येईल, म्हणून हे सविस्तर पत्र.

हायकूला ऋतूचा शब्द लागतो, हे मराठीत पुष्कळांना ठाऊक आहे. जपानीत त्याला किगो म्हणतात. पण 'थंडी', 'धुके', 'गारवा' असा एखादा ढोबळ शब्द घातला की काम झाले, असा समज इथे पक्का झाला आहे. जपानात किगोंचे कोश असतात. त्यांना साइजिकी म्हणतात. त्यात वसंत, ग्रीष्म, शरद, हिवाळा आणि नववर्ष असे पाच भाग असतात. प्रत्येक भागात काळवेळ, आकाश, भूमी, माणसांचे जगणे, सण-विधी, प्राणी आणि वनस्पती असे पोटभाग. हिवाळ्याच्या भागात बर्फ आणि दहिवर आहेतच, पण त्यांच्याच पंक्तीला मुळा आहे, पातीचा कांदा आहे, कोळसा आहे, बोलताना तोंडातून निघणारी वाफ आहे. जपानी कवी इस्साच्या एका प्रसिद्ध हायकूत मुळे उपटणारा माणूस हातातल्या मुळ्यानेच वाट दाखवतो. बर्फाचा कणही नाही, तरी तो हिवाळ्याचा हायकू आहे, कारण मुळे उपटायचे दिवस हिवाळ्याचे. हाच कवी दुसरीकडे बर्फाबद्दल लिहितो तेव्हा 'पाच शाकू बर्फ' असे माप देतो, म्हणजे जवळपास दीड मीटर. ज्याच्या दारात बर्फ साचतो, त्याच्या कवितेत त्याची खोलीही येते.

या कोशामागे एक पंचांग उभे आहे. सूर्य १५ अंश पुढे सरकला की एक सेक्की, म्हणजे वर्षाच्या २४ सेक्की. प्रत्येक सेक्कीचे तीन तुकडे केले की ७२ भाग पडतात. त्या पाच अंशांच्या, सुमारे पाच दिवसांच्या तुकड्याला 'को' म्हणतात आणि त्या पाच दिवसांत बाहेर काय घडते त्याचे एक छोटे वाक्य हेच त्याचे नाव. जपानी हिवाळा ७ नोव्हेंबरच्या सुमारास 'रित्तो'ने सुरू होतो. मग २२ नोव्हेंबरला शोसेत्सु म्हणजे लहान बर्फ, ७ डिसेंबरला ताइसेत्सु म्हणजे मोठा बर्फ, २२ डिसेंबरला तोजी हा अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान दिवस), ५ जानेवारीला शोकान म्हणजे लहान थंडी आणि २० जानेवारीला दाइकान म्हणजे मोठी थंडी. ४ फेब्रुवारीला 'रिश्शुन', वसंत लागतो. सहा सेक्कींचे अठरा को. त्यांची नावे अशी: २२ ते २६ नोव्हेंबर 'इंद्रधनुष्य लपते, दिसत नाही'; २७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर 'उत्तरेचा वारा पाने झाडतो'; १ ते ४ जानेवारी 'बर्फाखाली गव्हाला कोंब फुटतो'; १० ते १४ जानेवारी 'गोठलेल्या झऱ्यांत पाणी हलू लागते'; आणि अगदी शेवटी, ३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी, 'कोंबड्या अंडी घालू लागतात'.

अठरा पंचे नव्वद, पण हा हिवाळा ८९ दिवसांत संपतो. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ असते आणि तेव्हा तिचा वेगही सर्वाधिक असतो. म्हणून पाच अंश लवकर ओलांडले जातात आणि १ ते ४ जानेवारीचा को चारच दिवसांचा भरतो. तारखा एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात. २०२५ मध्ये रिश्शुन ३ फेब्रुवारीला आला. शिवाय जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्याने सेक्कीचा क्षण इथे कधी आदल्या तारखेला पडतो. पाच दिवसांच्या चौकटीला या फरकाने काही बाधत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. ही ७२ नावे मूळची जपानची नव्हेत. ती चीनमधून आली आणि त्यांत उत्तर चीनचे हवामान व प्राणी होते. १६८५ च्या जोक्यो पंचांगाचे कर्ते शिबुकावा हारुमी यांनी ती जपानच्या हवेला जुळवायला घेतली. आज चालते ती यादी १८७४ ची. चिनी यादीत डिसेंबरच्या मध्यावर 'वाघ जोडीला लागतात' असे नाव होते. जपानात वाघ नाही, तिथे 'अस्वल गुहेत शिरते' आले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात चिनी यादी म्हणे की तित्तिरकुळातला पक्षी पाण्यात शिरून शिंपला होतो. जपान्यांनी तिथे नरगिसाचे फूल ठेवले. मात्र 'जमीन गोठू लागते' हे नाव त्यांनी तसेच राहू दिले, कारण ते त्यांच्या भूमीवरही खरे होते. म्हणजे आधी जागेवर पडताळायचे, खरे असेल ते ठेवायचे, नसेल ते बदलायचे. आम्ही कोल्हापूरसाठी मागतो आहोत ते एवढेच. बर्फ उसना आणून घालणे ही जपानी परंपरेची सेवा होत नाही. जपान्यांनी स्वतः उसना वाघ ठेवला नाही.

कोल्हापूरला तर या कामासाठी आयता मापदंड लाभला आहे. अंबाबाईच्या मंदिरातला किरणोत्सव ९, १० व ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून, गरुड मंडपातून गाभाऱ्यात पोहोचतात. सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर मावळतो तेव्हाच हा मार्ग जुळतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे जाताना तो बिंदू ओलांडतो, २२ डिसेंबरला सुमारे साडेचोवीस अंशांपर्यंत जाऊन मागे वळतो आणि जानेवारीअखेर परत त्याच बिंदूवर येतो. १० नोव्हेंबरपासून अयनदिन ४२ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४१ दिवस. आता हे जपानी यादीशेजारी ठेवून पाहावे. पहिला किरणोत्सव हिवाळ्याच्या पहिल्या को मध्ये पडतो (७ ते ११ नोव्हेंबर), दुसरा शेवटच्या को मध्ये (३० जानेवारी ते ३ फेब्रुवारी). जपानचा जवळजवळ सगळा हिवाळा आपल्या दोन किरणोत्सवांच्या कुशीत बसतो. दोन्हीकडची मोजणी एकाच सूर्याच्या एकाच चालीची असल्यामुळे हे जुळते. कोल्हापुरी ऋतुकोशाची पहिली आणि शेवटची पाटी त्यामुळे लिहूनच ठेवल्यासारखी आहे: 'सूर्य गाभाऱ्यात येतो' आणि 'सूर्य गाभाऱ्यात परत येतो'.

बाकीच्या सणांना हे लागू पडत नाही, आणि यादी करताना चूक होण्याची सर्वांत मोठी जागा हीच आहे. आपल्याकडे तीन घड्याळे एकाच वेळी चालतात. किरणोत्सव सायन, म्हणजे सूर्याच्या खऱ्या उत्तर-दक्षिण सरकण्यावर. संक्रांत निरयण, म्हणजे तारकांच्या मोजणीवर. म्हणून खरे उत्तरायण २२ डिसेंबरला लागले तरी संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास येते आणि हे अंतर सुमारे ७२ वर्षांना एका दिवसाने वाढते. तिसरे घड्याळ चंद्राचे. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगेच्या घाटावर पणत्या लागतात, पण ती २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरला होती आणि २०२५ मध्ये ५ नोव्हेंबरला, म्हणजे जपानी मोजणीने चक्क शरदात. नृसिंहवाडीची दत्तजयंती २०२४ मध्ये १४ डिसेंबरला, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. असे सण पाच दिवसांच्या पाटीवर बसवले तर पुढच्याच वर्षी पाटी खोटी ठरते. ते सण-विधींच्या पोटभागात स्वतंत्र ठेवावेत.

जपानलाही हा त्रास झाला आहे. इ. स. ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिनशू' या संग्रहाची पहिलीच कविता, जुने वर्ष संपायच्या आतच वसंत आला, आता या वर्षाला गतवर्ष म्हणावे की चालू, या प्रश्नावर आहे. १ जानेवारी १८७३ पासून जपानने ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली तेव्हा गोंधळ आणखी वाढला. सातव्या महिन्याच्या सातव्या दिवसाचा तानाबाता हा सण कोशात शरदाचा आहे, पण नव्या दिनदर्शिकेत तो ७ जुलैला, बऱ्याच ठिकाणी पावसाच्या झडीत येतो.

आपल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेकडेही या निमित्ताने पाहायला हवे. २२ मार्च १९५७ पासून ती अधिकृत आहे, आकाशवाणीवर तिची तारीख सांगतात आणि आपण ती कानाआड करतो. तिचा अग्रहायण २२ नोव्हेंबरला लागतो, पौष २२ डिसेंबरला, माघ २१ जानेवारीला. शोसेत्सु, तोजी, दाइकान याच त्या तारखा, फार तर एका दिवसाचे अंतर. पावसाळ्यात आपला शेतकरी सूर्यनक्षत्रे मोजतो. मृग ७ जूनच्या आसपास, मग आर्द्रा, पुनर्वसू, प्रत्येक तेरा-चौदा दिवसांचे. सेक्कीच्या अगदी जवळची ही मोजणी. पण पाऊस सरला की ती बोलण्यातून जाते. ६ नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य विशाखात जातो, १६ डिसेंबरला मूळ लागते, हे सहसा कुणी बोलत नाही. हिवाळ्याच्या पाट्या मोकळ्या पडल्या आहेत त्या अशा.

त्या भरायला कोल्हापुरात काय आहे? आमच्या नोंदवहीतल्या काही पाट्या पुढे देतो. त्या अंतिम नाहीत, पडताळणीसाठी आहेत.

१२ ते १६ नोव्हेंबर: 'चुलवाणे धुरू लागतात'. चुलवाण म्हणजे गुऱ्हाळाची भट्टी. गुऱ्हाळ ही कोल्हापूरच्या ऋतुकोशातली सर्वांत श्रीमंत नोंद ठरेल. जपानी कोशात एका 'कोळसा' या शब्दाखाली कोळशाची भट्टी, कोळशाचे पोते, निखारा असे उपशब्द येतात. तसे एका गुऱ्हाळाखाली वीस शब्द सहज बसतील. चुलवाण, काहील, रस निवळायला घातलेले भेंडीचे पाणी, वर येणारी काळपट मळी, मग पाकाचा रंग पालटणे, काकवी, वाफ्यात ओतलेला गूळ, वाळत घातलेली चिपाडे. यात काळवेळही आहे. रस काहिलीत पडल्यापासून गूळ उतरेपर्यंत वास तीनदा बदलतो: आधी हिरवट, मळी काढताना उग्र, शेवटी भाजल्यासारखा गोड. पाक ११६ ते १२० अंशांच्या दरम्यान आला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून पाहतो. 'गुऱ्हाळाचा वास' असे लिहिणाऱ्याने यांतला कोणता वास ते सांगायला हवे. नुसत्या 'गोड वासा'ने वाचक चुलवाणापाशी पोहोचत नाही.

२२ ते २६ नोव्हेंबर: 'उसाला तुरे येतात'. हिरव्या फडावर रुपेरी कुंचे डोलताना दिसतात. बाहेरच्याला ते सुंदर वाटतात, पण ज्याचा ऊस आहे त्याला घोर लागतो. तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि तोड लांबली तर कांडी पोकळ पडून वजन घटते. चांगला किगो असाच असतो. एका शब्दात शोभा आणि काळजी दोन्ही. बर्फाला पर्याय शोधणाऱ्यांनी आधी इथे पाहावे.

त्याच सुमारास बुचाची झाडे रात्रीतून पांढरा सडा घालतात. फुले लांब नळीची, रात्री उमलणारी, पहाटे गळणारी. दुपारी ती मलूल होतात. त्यामुळे बुचाच्या हायकूची वेळ झाडलोटीच्या आधीची.

डिसेंबरच्या मध्यावर 'हरभऱ्यावर आंब धरते'. हरभऱ्याच्या पानांवरचे केस आंबट द्रव सोडतात, मुख्यतः मॅलिक आम्ल. रात्रीचे दव त्यात मिसळते. पहाटे त्यावरून पातळ कापड फिरवून पिळतात. ऊन वर आले की आंब संपली. शिरोळ, हातकणंगले भागात तो दिवस सापडेल, गगनबावड्यात सापडणार नाही. याच जिल्ह्यात पश्चिमेला अतिवृष्टीचे डोंगर आणि पूर्वेला कोरडवाहू माळ आहेत, म्हणून नोंदीला गाव हवेच.

२२ ते २६ डिसेंबर: 'दिवस तिळाएवढा वाढतो'. ही म्हण आपण संक्रांतीला जोडतो, पण दिवस वाढायला लागतो तो अयनदिनापासून. कोल्हापूरचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास ८ मिनिटांचा, टोकियोचा पावणेदहा तासांचा. आपल्या हिवाळ्यात रात्र तिथल्याइतकी लांबत नाही, म्हणून 'अंतहीन रात्र' हेही उसनेच. आणखी एक बारकावा: कोल्हापुरात सर्वांत लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास होतो आणि सर्वांत उशिरा सूर्योदय जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात. म्हणजे संध्याकाळ आटण्याचे हायकू तुऱ्याच्या दिवसांतले आणि उशिरा उजाडण्याचे मोहराच्या दिवसांतले. दोन्ही एका हायकूत घातले की काळ फाटतो.

जानेवारीत भोगीची भाजी आहे. जपानात ७ जानेवारीला सात पालेभाज्यांची पेज करतात आणि त्यांतली पहिली भाजी सेरी; ५ ते ९ जानेवारीचा को तिच्याच नावाचा आहे. हरभरा, पावटा, गाजर, वांगे, वर तीळ ही आपली यादी तितकीच नेमकी आहे. शोकान-दाइकानच्या तीस दिवसांत तिथे पहाटे गारठ्यात युद्धकलेचा सराव चालतो, 'कानगेइको' हा त्याचा किगो. कोल्हापूरच्या तालमींत भल्या पहाटे हौद्याची थंडगार लाल माती अंगाला लागते, तिला कोशात जागा मिळायलाच हवी. जानेवारीच्या शेवटी आंब्याचा मोहर आणि काटेसावरीची पहिली फुले. मोहरासोबत 'मोहरावर आभाळ' हाही शब्द घ्यावा, कारण ढगाळ हवेत तुडतुडे आणि भुरी वाढते आणि बागायतदाराची झोप उडते.

नोंद कशी ठेवावी? एका माणसाने एकच जागा धरावी: घाट, रंकाळ्याचा एक कोपरा, एक बांध. लिहायचे चारच तपशील: तारीख, वेळ, जागा, प्रत्यक्ष दिसलेली गोष्ट. धुके लिहिले तर आदल्या रात्री आभाळ होते का, वारा होता का, हेही लिहावे; निरभ्र, निवांत रात्रीनंतर धुके धरते, आभाळ असेल तर बहुधा नाही. एका हिवाळ्यावर पाटी ठरवू नये, निदान तीन हिवाळे घ्यावेत. तिन्ही वर्षांच्या तारखा दहा दिवसांपेक्षा जास्त विखुरल्या तर ती गोष्ट किगो म्हणून ठेवावी, पंचांगाच्या पाटीवर चढवू नये. पाणी दिलेल्या मळ्यातली आणि कोरडवाहू रानातली नोंद एकत्र करू नये. पहिल्या वर्षी सगळ्यांची चूक एकच होते: सुंदर ते टिपले जाते, रोजचे राहून जाते. मुळा, उसाचं वाडं (हिरवे शेंडे) घेऊन निघालेल्या बैलगाड्या, गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरचा फेस, हे आधी टिपावे.

नोंदीतून हायकूकडे जाताना काय बिघडते, ते एका मुद्दाम रचलेल्या नमुन्यावरून दाखवतो:

बर्फाची चादर
चेरीच्या फांदीवर
एकटं मन

यात बर्फ हिवाळ्याचा, चेरी वसंताची. दोन ऋतू एकमेकांना खोडतात. 'चादर' ही उपमा हजारदा वापरलेली. तिसरी ओळ भावनेचे नावच सांगते, मग वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. आता वहीतली नोंद अशी आहे: तुरे आलेला फड, अजून उजाडलेले नाही, टोळीतले कुणी कोयत्याला कानस मारते आहे. त्यातून:

उसाला तुरे—
अंधारातच कानस
कोयत्यावर

किगो एकच. त्यानंतर छेद; तो करणाऱ्या शब्दाला जपानीत किरेजी म्हणतात. 'या', 'काना', 'केरी' हे तिथले ठळक छेदशब्द. 'केरी'त काहीतरी आत्ताच ध्यानात आल्याचा भाव असतो. आपण 'अरे, उजाडलं की!' म्हणतो त्यातला 'की' तिच्या फार जवळचा आहे आणि मराठी हायकूत तो जवळजवळ कुणी वापरत नाही. छेदानंतरची गोष्ट किगोपासून दहा पावलांच्या आतली असावी, पण त्याच जातीची नसावी. तुऱ्यानंतर दुसरे फूल ठेवले तर नुसती सजावट होते, कोयता ठेवला की दोहोंमध्ये अंतर तयार होते. 'जणू', 'सारखं', 'भासे' हे शब्द दुसऱ्या वाचनात काढून टाकावेत. शेवटी मोठ्याने वाचावे. एका श्वासात बसला नाही तर एक गोष्ट जास्त झाली आहे.

यमकाविषयी थोडे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला, त्यांचे ऋण मोठे आहे. पुढे दोन ओळी यमकात बांधण्याची रीत पडली. जपानीत शब्द पाच स्वरांवर किंवा 'न'वर संपतात, यमक फुकट मिळते, म्हणून त्याला किंमत नाही. मराठीत यमक आले की तिसरी ओळ दुसरीला टाळी देते आणि छेदाने उघडलेली जागा बुजते. आमचे मत असे की हिवाळी हायकूत तरी यमक सोडून पाहावे.

अक्षरमोजणीतही घोटाळा आहे. ५-७-५ हे जपानी 'ओन' मोजून होते. तिथे दीर्घ स्वराला दोन, 'न'ला एक, जोडाक्षरातल्या थांब्यालाही एक. म्हणून टोकियो चार ओन, निप्पोनही चार. ही मोजणी आपल्या मात्रांच्या जवळची आहे, अक्षरांच्या नाही. मराठीत तर लिहिलेले अक्षर आणि बोललेले अक्षर वेगळे असते. हा हायकू पाहा:

चुलवाण विझलं—
राखेच्या उबेला
गुऱ्हाळाचं कुत्रं

पहिल्या ओळीत लिहिलेली अक्षरे सात, उच्चारात चारच: चुल्-वाण् विझ्-लं. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत लिहिलेली सहा आणि उच्चारातलीही सहा. कागदावरची अक्षरे मोजून शब्द ताणणाऱ्यांनी हे कानाने तपासावे. सतरा ही वरची मर्यादा मानावी, भरायचे माप मानू नये. भरण्यासाठी घातलेले 'हा', 'तो', 'गं' सगळा हायकू सैल करतात. बुचाचा एक, सैल न पडलेला:

बुचाखाली खराटा—
मागे बघावं
तर पुन्हा पांढरं

बर्फ न आणता पांढरे कसे आणता येते, ते दाखवण्यासाठी हा दिला.

आता विनंती. येत्या ७ नोव्हेंबरपासून ३ फेब्रुवारीपर्यंत दर पाचव्या दिवशी, एकूण अठरा वेळा, आपल्या दैनिकात दोन बोटांची चौकट द्यावी. वर त्या पाच दिवसांचे जपानी नाव मराठीत, खाली त्याच दिवसांची कोल्हापूर परिसरातली एक नोंद, आणि जमल्यास एक हायकू. हायकू नसला तर चौकट रिकामी ठेवू नये, नोंद पुरेशी आहे. वाचकांकडून पोस्टकार्डावर वरचे चार तपशील मागवावेत. नोंदीशिवाय आलेला हायकू पहिल्या वर्षी छापू नये, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. शिरोळ-हातकणंगले, शहर, आणि राधानगरी-गगनबावडा अशा तीन पट्ट्यांतून आळीपाळीने नोंदी घ्याव्यात. शाळांमध्ये ही कार्डे वाटली तर बांधावर राहणारी मुले शहरातल्या कवींपेक्षा नेमके टिपतील. आमच्या वहीतल्या तीन हिवाळ्यांच्या नोंदी आपल्या कार्यालयात आणून देण्याची आमची तयारी आहे.

पहिल्या चौकटीचे जपानी नाव 'कॅमेलिया उमलू लागते' असे आहे. त्याखाली किरणोत्सवाची नोंद यावी: किरणे कुठपर्यंत पोहोचली, किती वाजता, किती मिनिटे टिकली. ढग, धुरकट हवा किंवा वाटेतले बांधकाम यांमुळे ती अडली, तर कुठे आणि कशाने अडली, तेही तारखेसह त्याच चौकटीत छापावे.

आपले विश्वासू,
हायकू लिहिणारे व वाचणारे काही कोल्हापूरकर